चौदावं चॅनल

इमारतीला बाहेरून रंग द्यायचं काम निघालं, तेव्हा रंगाऱ्यांनी भिंतीवर लोंबणाऱ्या केबलच्या तारा सरसकट कापून टाकल्या. केबलवाला आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला आणि शेवटी त्याने फोन उचलणंच सोडलं. बाकीच्या बिऱ्हाडांनी आपापली सोय केली. कुणी गच्चीवर तबकडी बसवली, कुणी मोबाइलवर भागवलं. तिसऱ्या मजल्यावर मास्तरांच्या घरी मात्र टीव्ही रुसून बसल्यासारखा गप्प झाला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. चाळीस वर्षं बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. माप घेणं, कापणं, मशीन चालवणं त्यांच्याकडे आणि काज, बटणं, हातशिलाई त्यांच्या बायकोकडे. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत, म्हणून इमारतही काकूच म्हणे. दुकान तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याला देऊन टाकलं. मशीन तेवढं घरी आलं आणि त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडू लागला.

टीव्ही गप्प झाला याचं इतर कुणाला फारसं वाटलं नसतं. पण काकू नुकत्याच दोन महिने इस्पितळात काढून घरी आल्या होत्या. दुखणं गेलं होतं, पण जाताना अंगातलं सगळं घेऊन गेलं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं की आता औषधाचं काम संपलं. पोटात अन्न जायला हवं आणि पाय जमिनीला लागायला हवेत. या वयात एकदा अंथरूण धरलं की ते सुटत नाही.

काकू धड खात नव्हत्या आणि उठतही नव्हत्या. फक्त दुपारी चार वाजता टीव्हीवर बागेचा कार्यक्रम लागे. त्यात एक म्हातारी बाई झाडांना रागावत, लाडावत खतपाणी घाली. तेवढ्या अर्ध्या तासासाठी काकू उशीला टेकून बसत आणि बघता बघता वाटीभर सूप त्यांच्या पोटात जाई. तारा कापल्या गेल्या त्या दिवसापासून सुपाची वाटी भरलेलीच परत येऊ लागली.

मुलगी दूरदेशी होती. तिने फोनवर सुचवलं की मोबाइलवर बघा. काकूंनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, त्यात झाडं मुंगीएवढी दिसतात आणि हाताला रग लागते ती वेगळीच. मग मुलीने सांगितलं की टॉवरवरून फुकट चॅनलं सुटतात, त्यांना नुसता अँटेना लागतो, आणि हल्ली तो घरातल्या घरात लावायचाही मिळतो.

मास्तर तसेच उठले आणि रेडिओवाल्याकडे गेले.

रेडिओवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळ होता. आत जायचं तर अंग चोरून जावं लागे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकामागून एक प्रश्न विचारले. मजला कितवा, खिडकी कोणत्या दिशेला, समोर काय आहे. मास्तरांनी सांगितलं की मजला तिसरा, खिडकी उत्तरेला, समोर पाण्याची टाकी. रेडिओवाला म्हणाला की टॉवर उत्तरेलाच आहे, हे नशीब. पण भिंतीत सळया असतात, त्या लहरी अडवतात. तेव्हा अँटेना खिडकीजवळ आणि उंच ठेवायचा, जाळीपासून लांब, फ्रिजपासून लांब. जागा बदलली की टीव्हीला दर वेळी चॅनलं नव्याने शोधायला लावायची.

"आणि कोणता चांगला?" मास्तरांनी विचारलं.

"ते तुमची खोली ठरवणार, मी नाही. तुम्ही अंगावर घालून बघितल्याशिवाय कपडा देता का? तसंच हे. तीन न्या, लावून बघा, नको ते परत आणा."

पहिला दोन काड्यांचा होता. त्याने पाच चॅनलं पकडली. पण लिफ्ट वरखाली झाली की बागेतल्या बाईचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटायचं. दुसऱ्याला विजेवर चालणारी डबी होती. तिने अकरा चॅनलं आणली, पण बातम्या स्वच्छ आणि बाग गोठलेली. रेडिओवाला म्हणाला, ती डबी लहरींबरोबर खरखरही वाढवते, तिला काय कळतंय.

तिसरा कागदासारखा चपटा होता. काचेला चिकटवायचा. मास्तरांनी त्याच्यासाठी काचेवर खडूने खुणा केल्या. कापडावर करत तशाच, बारीक आणि तिरक्या. एकेका खुणेवर अँटेना धरायचा, टीव्हीला शोधायला लावायचं, आकडा बघायचा. नऊ. अकरा. बारा. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या खुणेवर आकडा आला चौदा.

रेडिओवाल्याने दिलेल्या यादीत तेरा होती.

बाग लागत होती, तीही अगदी पानावरची शीर दिसेल अशी. मास्तरांना तेवढं पुरे होतं. पण काकूंनी पलंगावरून विचारलं, चौदावं काय आहे ते बघा तरी. त्यांनी लावलं तर पडद्यावर चौकोनांचा नुसता भुगा. अँटेनाचा एक कोपरा उचलला गेला असेल म्हणून मास्तर खिडकीशी गेले आणि त्यांनी तळवा दाबून तो काचेला बसवला.

"आलं," काकू म्हणाल्या.

त्यांनी हात काढला. "गेलं." ठेवला. "आलं."

टीव्ही खिडकीच्या बाजूच्या भिंतीला होता आणि त्याचं तोंड पलंगाकडे होतं. खिडकीशी उभं राहिलं की मास्तरांना टीव्हीची नुसती कड आणि काकूंचा चेहरा एवढंच दिसे. त्यांनी विचारलं, काय आलंय.

"खोली आहे. उंच टेबल. एक माणूस पाठमोरा उभा आहे." काकूंनी मान पुढे काढली. "अहो, कापड कापतोय."

मास्तर हसले. शिवण शिकवणारं काहीतरी असणार. त्यांनी विचारलं, हात कसा आहे.

"तुमच्यापेक्षा सावकाश. पण रेषेवरून चालतोय."

"म्हणजे माझी रेषा सुटायची?"

"मी कुठे काय म्हटलं."

आवाज काही नव्हता, कोपऱ्यात चॅनलचं नाव नव्हतं, माणूस काही बोलत नव्हता. मास्तर अर्धा तास हात वर करून उभे राहिले. शेवटी दंड भरून आला तेव्हा त्यांनी हात काढला आणि वळून बघितलं, तर सुपाची वाटी रिकामी होती. आणि काकू उशीला टेकलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काकूंनी बाग नको म्हटलं.

मास्तरांनी अँटेना चिकटपट्टीने बसवून बघितला, वर पुस्तक टेकवून बघितलं, ओलं फडकं लावून बघितलं. हाताशिवाय चौदावं येईना. रेडिओवाल्याला यात काही नवल वाटलं नाही. माणूस म्हणजे मिठाच्या पाण्याची पिशवी, तोही एक अँटेनाच, असं तो म्हणाला. पूर्वी लोक घरातल्या धाकट्याला गच्चीवर काठी धरून उभं करत, तसंच हे.

मग तो रोजचा नेमच झाला. चार वाजले की मास्तर खिडकीत, काकू पलंगावर. काकू बघत आणि सांगत, मास्तर ऐकत. चाळीस वर्षं एका टेबलाशी बसून जे बोलून झालं नव्हतं ते बोलणं आता निघालं. तो माणूस बायकांचा लांब कोट शिवत होता, गडद तपकिरी. पाठ कापून झाली, पुढचे दोन भाग झाले. मास्तरांनी विचारलं, माप काय असेल. काकूंची नजर तयार होती.

"खांदा तेरा. बाही वीस. माझ्यासारख्याच कुठल्या तरी पाप्याच्या पितराचा आहे."

पुढच्या आठवड्यात त्या माणसाने खांद्याची शिवण उसवली आणि आत सोडलेलं कापड थोडं बाहेर घेतलं. काकूंना ते फार आवडलं. आत कापड सोडणारा शिंपी म्हणजे गिऱ्हाईक जगेल, वाढेल असं धरून चालणारा माणूस, असं त्या म्हणाल्या. त्याच दिवशी त्या पलंगाचा कठडा धरून उभ्या राहिल्या.

नंतर रोज काहीतरी नवीन घडत होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. मग ओट्यापर्यंत. एका सकाळी मास्तरांना चहाच्या वासाने जाग आली आणि ते उठून बसले, पण आवाज न करता तसेच बसून राहिले, कारण आत काकू काहीतरी गुणगुणत होत्या.

मध्ये दोन दिवस वीज गेली. कुठेतरी मोठा बिघाड होता. टीव्ही बंद. पहिल्या दिवशी काकू दुपारभर झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चमचा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी न्हाणीघरात जायला त्यांना मास्तरांचा आधार लागला, अगदी पहिल्यासारखा. तिसऱ्या दिवशी वीज आली. चार वाजता चौदावं लागलं आणि पाच वाजता काकूंनी भांडी आवरली.

मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा ते टीव्हीचं खोकं आवडेनासं झालं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, त्याचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. काळजी आणि धावपळ, माणूस उतरणारच. पण एके दिवशी वाटी विसळताना शर्टाची बाही ओली झाली, तेव्हा त्यांनी ती वर सारली आणि थांबले. बाही बोटांच्या पेरांवर आली होती. शर्ट त्यांनी स्वतः शिवलेला होता. माणूस बारीक झाला तर छाती उतरते, पोट उतरतं, गळा उतरतो. बाही उतरत नाही. हाडाची लांबी काही काळजीने कमी होत नसते.

त्यांनी फितीचं टोक टाचणीने खांद्याच्या शिवणीला अडकवलं आणि हात खाली सोडला. त्यांची बाही जन्मभर साडेतेवीस होती. आता पावणेतेवीस भरली.

मास्तरांनी सुस्कारा सोडला. फीत कापडी होती आणि जुनी. वापरून वापरून फीत ताणली जाते, मग ती प्रत्येक माप कमी दाखवते. प्रत्येक शिंप्याला हे ठाऊक असतं. खात्रीसाठी त्यांनी ती लोखंडी पट्टीवर ठेवली. इंचाला इंच लागला. सुताचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवा गाऊन शिवायचं निमित्त काढून त्यांनी काकूंचं माप घेतलं. काकू लाजल्या, या वयात कसले लाड म्हणाल्या, पण ताठ उभ्या राहिल्या. त्यांची बाही वीस. लग्नानंतर शिवलेल्या पहिल्या कपड्यापासून वीस. आता ती साडेवीसच्या पुढे गेली होती.

"काय हो, कमी भरलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "जरा जास्तच आहे."

त्या दिवशी चार वाजले तेव्हा मास्तर थोडा वेळ खोलीच्या मधोमध उभे राहिले. काकू पडद्यावरची कामं सांगायला मान वर करून वाट बघत होत्या. त्यांच्या गालांवर रंग होता. मास्तर खिडकीशी गेले आणि त्यांनी तळवा काचेला लावला.

असेच आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ते दुपारी रेडिओवाल्याकडे गेले. त्याने यादी पुन्हा बघितली, टॉवरच्या कचेरीत कुणा ओळखीच्याला फोनही लावला. तेराच. चौदावं कुठून तरी लांबून उडत येत असेल, हवा बदलली की जाईल. मास्तरांनी विचारलं, अँटेना हाताने धरल्याने माणसाला काही होतं का. रेडिओवाला म्हणाला, लहरी आहेतच सगळीकडे, धरा नाहीतर सोडा. मग त्यांच्याकडे खालून वर बघत म्हणाला, "पण मास्तर, शिंप्याच्या अंगावर एवढा ढगळ शर्ट? बघणारे काय म्हणतील."

परत येताना लिफ्ट बंद होती, जिन्यात दम लागला. एकेक पायरी पूर्वीपेक्षा उंच वाटत होती. दार उघडून आत आले तेव्हा चार वाजून गेले होते.

काकू खिडकीत उभ्या होत्या. हात वर आणि तळवा अँटेनावर.

"या," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही बसा."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. इतक्या आठवड्यांत त्यांनी ती खोली आता पहिल्यांदा पाहिली. उंच टेबल, वर टांगलेला दिवा, पाठमोरा माणूस. तपकिरी कोट मागे खुंटीला अडकवलेला होता आणि त्याच्या सगळ्या शिवणी बाहेर घेतलेल्या होत्या. टेबलावर दुसरंच कापड होतं. पुरुषाचा पांढरा शर्ट. मास्तरांना माप विचारावं लागलं नाही. बाही पावणेतेवीसवर आखलेली होती, आणि तिच्या टोकाशी तो माणूस आता नवं कापड जोडत होता. आपोआप त्यांचा उजवा दंड शिवशिवला, मुंग्या आल्यासारखा.

त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

"तुला कधी कळलं?"

"तुमची बाही बोटांवर आली तेव्हा." काकूंनी हात खाली घेतला नव्हता. "आधी वाटायचं, माझ्या मापाचं कुणीतरी शिवतंय, चांगलं आहे. कापड कुठून येतंय ते मी विचारलंच नाही. काज करणाऱ्या बाईला ते आधी कळायला हवं होतं."

मास्तर म्हणाले, उद्याच हे परत देऊन येतो. काकू म्हणाल्या, वीज गेली तेव्हाचे दोन दिवस आठवा. आणि मी पलंगावरून पुन्हा उठले नाही तर तुम्ही लांब बाह्यांचं करणार काय, कुणाला दाखवणार. ते बराच वेळ बोलले. आवाज कुणाचाच चढला नाही. शेवटी काकूंनी पलंगाच्या कडेला त्यांच्या शेजारी बसून निकाल दिला.

"एक दिवस तुम्ही धरा, एक दिवस मी. दुकानात काय वेगळं करत होतो आपण?"

आणि खरोखर ते जमलं. मास्तरांच्या अंगावर शर्ट पुन्हा बसू लागला. काकू रोज जिना उतरून फाटकापर्यंत जाऊन येत, एके दिवशी तर भाजी घेऊन आल्या आणि पिशवी मास्तरांना उचलू दिली नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि कागदावर नुसती एक रेघ मारली, पुन्हा यायचं कारण नाही म्हणाले. मुलीने फोनच्या पडद्यावर दोघांना शेजारी शेजारी बसवून बघितलं. किती छान दिसताय, म्हणाली, अगदी एकमेकांसारखे दिसायला लागलाय.

मास्तर दर रविवारी दोघांची मापं घेत. एकाचं सूतभर वाढलेलं असे, दुसऱ्याचं सूतभर उतरलेलं, पुढच्या आठवड्यात उलट. इंचात आठ सुतं. एवढ्याशा गोष्टीचं काय मोठंसं. काकू म्हणत, फिट्टंफाट आहे. मास्तरही तेच म्हणत.

हिवाळा सरता सरता त्यांनी सहज दोघांच्या बाह्यांची बेरीज केली. ती साडेत्रेचाळीस असायची. त्रेचाळीस भरली. त्यांनी पुन्हा मापलं, मग फीत बाजूला ठेवून लोखंडी पट्टीनेही मापलं.

काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी धरायची पाळी त्यांची होती. चार वाजता त्यांनी तळवा काचेला लावला, काचेपलीकडच्या टाकीकडे बघत राहिले, आणि जरा वेळाने विचारलं, "टेबलाखाली बघ गं. कातरण किती पडलीय?"

कापड कापलं की काही ना काही वाया जातंच. कितीही जपून कापलं तरी. मास्तरांना रात्रभर तेच सुचत होतं.

"असायची खरी," काकू म्हणाल्या. "चांगला ढीग असायचा. आज नाहीये."

"झाडून टाकली असेल."

"नाही हो." काकूंचा आवाज मऊ झाला. लहान काज करताना त्या पुढे वाकत, तशा त्या पुढे वाकल्या होत्या. "वेचून जोडलीय त्याने. तुमचं पांढरं आणि माझं तपकिरी, पट्टीला पट्टी. काहीतरी छोटंसं शिवलंय. बाही वीतभर सुद्धा नसेल."

मास्तरांनी हात काढला नाही.

"कुणाचं आहे?"

"ते नाही दिसत. टेबलाच्या कडेपलीकडे खाली वाकून कुणाला तरी घालून बघतोय." काकूंच्या तोंडावर तेच हसू आलं, जे दुकानात एखादा कपडा गिऱ्हाइकाला पहिल्याच वेळी नीट बसला की येत असे.

"बाही भरलीय आतून," त्या म्हणाल्या. "छान बसलीय."